स्थिर छायाचित्राला खोली आणि कॅमेऱ्याची गती देण्याची पद्धत

छायाचित्रावर नुसता झूम लावला, तर त्यातील प्रत्येक गोष्ट एकाच प्रमाणात मोठी होते. चेहरा दुप्पट झाला की मागचा डोंगरही दुप्पटच होतो, आणि आपण एका सपाट कागदाकडे पाहत आहोत हे डोळ्याला लगेच कळते. खरा कॅमेरा जागचा हलतो तेव्हा मात्र जवळच्या वस्तू पडद्यावर भरभर सरकतात, दूरच्या सावकाश सरकतात आणि क्षितिजाजवळच्या जवळपास जागीच राहतात. गतीतील या फरकाला पॅरलॅक्स म्हणतात. छायाचित्राचे थर वेगळे करून, ते संगणकातील त्रिमितीय अवकाशात एकामागे एक उभे करून आणि त्यांच्यासमोरून आभासी कॅमेरा चालवून हा फरक कृत्रिमरीत्या निर्माण करता येतो. अवकाश त्रिमितीय असला तरी त्यातील प्रत्येक थर सपाटच असल्यामुळे व्हिडिओ संपादनाच्या व्यवसायात या कामाला टू-पॉइंट-फाइव्ह-डी (अडीच मिती) असे नाव रुळले आहे.

या तंत्राचे दोन पूर्वज आहेत. पहिला रोस्ट्रम कॅमेरा, ज्यात खाली सपाट ठेवलेल्या छायाचित्रावरून वरचा कॅमेरा हळूहळू सरकवला जाई. १९५७ साली नॅशनल फिल्म बोर्ड ऑफ कॅनडाने क्लॉन्डाइकमधील सोन्याच्या शोधावर काढलेल्या माहितीपटात जुन्या छायाचित्रांवरून कॅमेरा असाच फिरवलेला आहे. पुढे अमेरिकी माहितीपटकार केन बर्न्स यांनी ही शैली इतकी प्रचलित केली की ॲपलच्या आयमूव्ही या प्रोग्रॅममध्ये तिला त्यांचेच नाव मिळाले. दुसरा पूर्वज म्हणजे मल्टिप्लेन कॅमेरा. डिस्नेच्या स्टुडिओत १९३७ मध्ये वापरात आलेल्या या उभ्या यंत्रात काचेच्या निरनिराळ्या पातळ्यांवर चित्रे ठेवून, ती वेगवेगळ्या गतीने सरकवत वरून चित्रण केले जाई. पहिल्याकडे खरे छायाचित्र होते पण खोली नव्हती. दुसऱ्याकडे खोली होती, पण त्याची चित्रे मुळातच थरांमध्ये रंगवलेली असत. आपल्यापुढची अडचण या दोन्हींहून वेगळी आहे. आपले छायाचित्र एकसंध आहे, आणि पुढच्या माणसामागे काय होते याची नोंद त्यात नाहीच.

म्हणून या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. बहुतेक जण छायाचित्र उघडताच माणसे कापू लागतात आणि कॅमेरा कसा फिरवायचा याचा विचार शेवटी करतात. हा क्रम उलटा असायला हवा. कॅमेरा कोणत्या दिशेने आणि किती सरकणार यावरच मागची किती जागा उघडी पडणार हे ठरते; किती जागा उघडी पडणार यावर किती रंगकाम करायचे हे ठरते; आणि कित्येकदा असे दिसून येते की हालचाल थोडी बदलली तर निम्मे रंगकाम करावेच लागत नाही.

छायाचित्राची निवड

ज्या छायाचित्रात पुढची, मधली आणि मागची अशा तीन पातळ्या नजरेला सहज वेगळ्या दिसतात ते या कामासाठी उत्तम. काठावरची होडी, मागे पाणी, त्यामागे झाडी आणि शेवटी आकाश, असे दृश्य जवळजवळ आपणहून सुटे होते. याउलट खांद्याला खांदा लावून बसलेल्या माणसांचा गटफोटो, दाट फांद्यांतून दिसणारी इमारत, किंवा भिंतीला टेकून उभा असलेला माणूस ही कठीण उदाहरणे होत. पहिल्या दोहोंत कापणी संपत नाही आणि तिसऱ्यात खोलीच इतकी कमी असते की केलेले कष्ट पडद्यावर दिसत नाहीत. मुख्य व्यक्ती छायाचित्राच्या खालच्या कडेला कंबरेत कापली गेली असेल, तर चौकट त्या कडेखाली कधीही जाणार नाही याची काळजी आराखड्यातच घ्यावी लागते.

पिक्सेलचा हिशेब सोपा आहे. अंतिम व्हिडिओ १९२० पिक्सेल रुंद असेल आणि कॅमेरा दीडपट जवळ जाणार असेल, तर छायाचित्र किमान २८८० पिक्सेल रुंद हवे. ३८४० रुंदीच्या व्हिडिओसाठी हाच आकडा ५७६० होतो. कागदी छायाचित्र स्कॅन करायचे असल्यास ६ इंच × ४ इंचांची प्रत ६०० डीपीआयने (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केल्यावर ३६०० × २४०० पिक्सेल मिळतात, आणि पहिल्या कामासाठी ते पुरेसे आहेत. डाग आणि ओरखडे थर पाडण्यापूर्वीच काढावेत, कारण एकच ओरखडा दोन थरांवरून गेलेला असेल तर हालचाल सुरू होताच तो दुभंगतो.

हालचालीचा आराखडा

इथे थोडे गणित केले की पुढचे बरेच श्रम वाचतात. समजा, कॅमेऱ्यापासून पुढचा थर २००० पिक्सेलवर आहे, मागचा ४००० पिक्सेलवर आहे, आणि पुढचा थर पडद्यावर मूळ आकारात दिसतो आहे. कॅमेरा आडवा २०० पिक्सेल सरकवला, तर पुढचा थर पडद्यावर २०० पिक्सेल सरकतो आणि मागचा, दुप्पट अंतरावर असल्यामुळे, १०० पिक्सेल सरकतो. या दोहोंतील फरक, म्हणजे १०० पिक्सेल, हीच पुढच्या आकृतीच्या एका बाजूला उघडी पडणारी पट्टी. छायाचित्राची रुंदी पडद्याच्या दुप्पट असेल, तर छायाचित्रातील मापाने ही पट्टी २०० पिक्सेलची होईल. पूर्ण माणसामागची भिंत रंगवत बसण्याचे कारण नाही. त्या पट्टीपुरते आणि वर थोडे शिल्लक ठेवण्याइतके रंगकाम पुरते.

आता तीच २०० पिक्सेलची हालचाल शून्यापासून सुरू न करता मूळ दृष्टिबिंदूच्या डावीकडे १०० वर सुरू करून उजवीकडे १०० वर संपवली, तर एका बाजूला १०० पिक्सेलची पट्टी उघडी पडण्याऐवजी दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास पिक्सेलच्या पट्ट्या उघड्या पडतात. अरुंद पट्टी शेजारच्या पोतावरून सहज भरता येते. रुंद पट्टीत काहीतरी कल्पून रंगवावे लागते. म्हणून आडवी हालचाल नेहमी मूळ दृष्टिबिंदूच्या दोन्ही अंगांना वाटून घ्यावी.

पुढे जाणाऱ्या कॅमेऱ्याचा हिशेब वेगळा असतो. मुख्य आकृती चौकटीच्या मध्यावर असेल, तर कॅमेरा आत जाताना ती पार्श्वभूमीपेक्षा वेगाने मोठी होते आणि मागचा अधिकाधिक भाग झाकत जाते; उघडे जवळपास काहीच पडत नाही. आकृती एका बाजूला असेल, तर ती बाहेरच्या दिशेने ढकलली जाते आणि तिच्या मध्याकडील कडेला पट्टी उघडी पडते. कॅमेरा मूळ दृष्टिबिंदूपासून मागे नेला तर मात्र मध्यावरच्या आकृतीच्या दोन्ही कडा उघड्या पडतात आणि शिवाय छायाचित्राच्या चारही सीमा चौकटीत येऊ लागतात. मागे जाणारा शॉट हवाच असेल, तर तो आत गेलेल्या स्थितीत सुरू करून मूळ दृष्टिबिंदूवर संपवावा, म्हणजे पुढे जाणाऱ्या शॉटसाठी भरलेल्या पट्ट्याच त्यालाही पुरतात.

थर सोडवणे

फोटोशॉप, गिंप किंवा क्रिटा यांपैकी कोणत्याही चित्रसंपादन प्रोग्रॅममध्ये हे काम करता येते. आधी कॅनव्हास, म्हणजे चित्राचे क्षेत्र, चारही बाजूंनी वाढवून घ्यावा, कारण कॅमेरा सरकल्यावर पार्श्वभूमीला छायाचित्राच्या सीमेपलीकडेही थोडे पसरावे लागते. नंतर मूळ छायाचित्राची प्रत काढून प्रत्येक प्रतीवर मास्क, म्हणजे नको असलेला भाग न खोडता लपवणारा पडदा, लावावा. भाग खोडून टाकू नयेत, कारण मास्क पुन्हा सुधारता येतो आणि खोडलेले परत येत नाही.

निवड करण्यासाठी आता स्वयंचलित साधने आहेत. मेटा कंपनीने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेले सेगमेंट एनिथिंग हे मॉडेल एका क्लिकवर वस्तूची सीमा शोधते, आणि फोटोशॉपमधील सब्जेक्ट निवडण्याची सोयही चांगली चालते. तरीही कपड्यांच्या, इमारतींच्या आणि होडीच्या कडांसाठी पेन टूलने काढलेला पाथ (हाताने आखलेली सीमारेषा) अधिक स्वच्छ ठरतो, असे माझे मत आहे. स्वयंचलित निवडीची कडा बारीक लाटांसारखी वरखाली होते आणि ती स्थिर चित्रात लक्षात आली नाही तरी चालत्या चित्रात थरथरते. मास्कची कडा आकृतीच्या एक-दोन पिक्सेल आत घ्यावी आणि तिला सुमारे एक पिक्सेलचा फेदर, म्हणजे कडेचा मऊ उतार, द्यावा. आत घेतली नाही तर आकृतीभोवती मागच्या उजेडाची पांढरट रेघ तिच्याबरोबर फिरत राहते, आणि कापून चिकटवल्याचा संशय सर्वांत आधी याच रेघेमुळे येतो.

केसांच्या बाबतीत प्रत्येक बट सोडवण्याचा हट्ट धरू नये. केसांमागची पार्श्वभूमी एकरंगी किंवा धूसर असेल, तर केसांभोवती त्या पार्श्वभूमीची थोडी किनार ठेवून मास्क तेथे मऊ ब्रशने विरत न्यावा. हालचाल लहान असली की ही किनार आणि मागचा थर एकमेकांत मिसळून जातात.

थरांची संख्या तीन ते पाच असावी. दहा-बारा थर केल्याने खोली वाढत नाही, फक्त सांधे वाढतात. मात्र माणसाचा चेहरा आणि धड वेगळे करू नयेत, आणि पुढे पसरलेला हात वेगळा करायचा झाल्यास खांद्याच्या सांध्याशी मास्क रुंद फेदरने विरवावा.

मागची जागा भरणे

शेजारचा पोत उचलून लावणारी क्लोन स्टॅम्प आणि हीलिंग ब्रश ही जुनी साधने अजूनही सर्वांत विश्वासू आहेत. फोटोशॉपमध्ये सीएस-५ या २०१० च्या आवृत्तीपासून आसपासचे पाहून जागा आपोआप भरणारे कन्टेन्ट-अवेअर फिल आहे. गवत, पाणी, आकाश अशा पोतांसाठी ते उत्तम चालते, पण सरळ रेषा असलेल्या जागी, म्हणजे खिडकीच्या चौकटी, फरशीचे जोड, कुंपणाच्या पट्ट्या इथे, ते रेषा मोडते. तेथे रेषा हाताने पुढे ओढाव्यात. भरताना आकृतीची निवड आठ-दहा पिक्सेलने फुगवून मगच भरण्याचे साधन चालवावे, नाहीतर त्वचेचा किंवा कपड्याचा रंग कडेवरून मागच्या थरात झिरपतो आणि आकृती सरकल्यावर तिच्यामागे तिचीच पुसट सावली शिल्लक राहते. एआय वापरून भरण्याच्या साधनांनी हे काम झपाट्याने होते, पण ती कधी कधी तेथे नसलेली वस्तू आणून ठेवतात, म्हणून निकाल मोठा करून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये.

ऐतिहासिक किंवा माहितीपटासाठीच्या छायाचित्राच्या बाबतीत हे भरकाम म्हणजे अखेर कल्पनाच असते. अशा वेळी शक्य तितकी अरुंद पट्टी भरावी, तीत केवळ शेजारचाच पोत वापरावा, आणि माणसांचे डोळे मिचकावणे, ओठ हलवणे हे प्रकार पूर्णपणे टाळावेत. कॅमेरा हलवणे हा पाहण्याचा एक मार्ग आहे. चेहरा हलवणे म्हणजे त्या माणसाने न केलेली कृती त्याच्या नावावर लिहिणे होय.

अवकाशातील मांडणी

आफ्टर इफेक्ट्स या व्हिडिओ परिणामांच्या प्रोग्रॅममध्ये थरांची फाइल कॉम्पोझिशन (थर मांडण्याची चौकट) म्हणून आणताना थर पूर्ण कॅनव्हासच्या आकाराचे ठेवावेत, म्हणजे सर्वांचा अँकर पॉइंट (थराचा आधारबिंदू) चौकटीच्या मध्यावर येतो. मग प्रत्येक थराचा थ्रीडी स्विच चालू करून तो झेड अक्षावर (खोलीच्या दिशेत) मागे किंवा पुढे न्यावा. मागे नेलेला थर लहान दिसू लागतो, म्हणून त्याचा आकार भरपाई म्हणून वाढवावा लागतो. सूत्र असे: कॅमेऱ्यापासूनच्या मूळ अंतरात मागे नेलेले अंतर मिळवावे आणि बेरजेला मूळ अंतराने भागावे. १९२० रुंदीच्या कॉम्पोझिशनमध्ये ५० मिमीचा कॅमेरा घेतला, तर तो मूळ पातळीपासून सुमारे २६६७ पिक्सेलवर उभा राहतो. एखादा थर १००० पिक्सेल मागे नेला, तर त्याचा आकार १३७.५ टक्के करावा लागतो. सर्व थरांची भरपाई बरोबर झाली की कॅमेरा मूळ जागी असताना चित्र पुन्हा तंतोतंत मूळ छायाचित्रासारखे दिसते, आणि तसे ते दिसते की नाही हे खाली मूळ छायाचित्र ठेवून पडताळून पाहावे.

ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅममध्ये हीच गोष्ट सूत्राशिवाय होते. प्रतिमा प्लेन, म्हणजे सपाट पृष्ठ, म्हणून आणाव्यात, थ्रीडी कर्सर कॅमेऱ्याच्या जागी नेऊन ठेवावा, पिव्हट (स्केलचा केंद्रबिंदू) म्हणून तो कर्सर निवडावा आणि प्लेनला स्केल करावे. प्लेन कॅमेऱ्यापासून दूर जाता जाता नेमके तेवढेच मोठे होते आणि कॅमेऱ्यातून पाहताना काहीच बदललेले दिसत नाही. विनामूल्य साधनांत दा विंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संपादन प्रोग्रॅमचे फ्यूजन हे पानही या कामाला पुरेसे आहे.

जमीन हा या मांडणीतला सर्वांत नाजूक भाग आहे. उभा माणूस एका पातळीवर असतो, पण त्याच्या पायाखालची जमीन कॅमेऱ्याजवळून क्षितिजापर्यंत पसरलेली असते. जमीन मागच्या थरातच राहू दिली तर हालचालीत माणूस तिच्यावरून घसरत गेल्यासारखा दिसतो. साधा उपाय असा की पायाखालच्या जमिनीची एक पट्टी माणसाच्याच थरात ठेवावी आणि ती वरच्या व खालच्या बाजूला रुंद फेदरने विरवावी, म्हणजे पाय आणि त्यांची सावली एकत्र सरकतात आणि गतीतला फरक त्या विरलेल्या भागात पसरून जातो. अधिक चोख उपाय म्हणजे कॅमेरा प्रोजेक्शन. ब्लेंडरमध्ये जमिनीसाठी एक आडवे प्लेन ठेवून यूव्ही प्रोजेक्ट मॉडिफायरने छायाचित्र त्यावर कॅमेऱ्याच्या दिशेने पाडले की जमीन खरोखरच दूर जाणारी होते. रस्ता, बोळ, लांब खोली अशा छायाचित्रांत हा दुसरा मार्गच घ्यावा; भिंतींनाही तोच न्याय लागू होतो.

कॅमेरा चालवणे

आफ्टर इफेक्ट्समध्ये वन-नोड कॅमेरा सरळ आडवा सरकतो, तर टू-नोड कॅमेरा एका ठरावीक बिंदूकडे तोंड ठेवून त्याभोवती किंचित वळतो. टू-नोड कॅमेऱ्याचा तो बिंदू मुख्य व्यक्तीच्या पातळीवर ठेवला, तर व्यक्ती चौकटीत स्थिर राहते, पुढच्या वस्तू एका दिशेला आणि पार्श्वभूमी विरुद्ध दिशेला सरकते, आणि प्रेक्षकाची नजर चेहऱ्यावरच टिकते. हा प्रकार फार परिणामकारक आहे, पण वळण चार-पाच अंशांत ठेवावे. त्यापुढे सपाट थर तिरके दिसू लागतात.

एका छायाचित्राला सहा ते आठ सेकंद द्यावेत. २५ फ्रेमच्या गतीने आठ सेकंद म्हणजे २०० फ्रेम होतात. पहिला आणि शेवटचा असे दोनच कीफ्रेम (कॅमेऱ्याची जागा नोंदवलेल्या फ्रेम) पुरतात. त्यांना भरघोस ईझ (टोकांशी वेग मंदावणे) दिला तर मध्ये वेग एकदम वाढतो आणि गती यांत्रिक वाटते, म्हणून हालचाल बहुतांश समान वेगाची ठेवून फक्त टोकांशी ती हलकी मंदावावी. निवेदन चालू असताना कट येणार असेल, तर हालचाल कटच्या आधी थांबवूच नये.

डेप्थ मॅपचा मार्ग

थर न कापताही हे काम करता येते. डेप्थ मॅप म्हणजे करड्या छटांचे असे चित्र की ज्यात जवळचा भाग पांढरट आणि दूरचा काळपट असतो. मायडास, डेप्थ एनिथिंग यांसारखी मॉडेल्स एकाच छायाचित्रावरून तो तयार करतात. आफ्टर इफेक्ट्समधील डिस्प्लेसमेंट मॅप या इफेक्टला तो दिला की मधल्या करड्या छटेचे पिक्सेल जागीच राहतात आणि पांढरट व काळपट भाग विरुद्ध दिशांना सरकतात.

हा मार्ग जलद आहे आणि चेहरा, डोंगरउतार, कापडाच्या घड्या अशा सलग वळणाऱ्या पृष्ठभागांना तो थरांपेक्षा अधिक न्याय देतो. पण येथे उघडी पडणारी जागा भरली जात नाही. कडेचे पिक्सेल रबरासारखे ताणले जातात. त्यावर इलाज म्हणून डेप्थ मॅपमधील पुढच्या आकृतीचा पांढरा भाग काही पिक्सेलने फुगवावा, म्हणजे ताण आकृतीवर न येता पार्श्वभूमीवर पडतो. मॅप १६ बिटचा असावा, कारण ८ बिटमध्ये २५६ च छटा मिळतात आणि आकाश किंवा जमिनीच्या सौम्य उतारावर पायऱ्या उमटतात. आरसे, काचा आणि पाण्यातील प्रतिबिंबे यांत मॉडेल हमखास गोंधळते. ते भाग ब्रशने हाताने दुरुस्त करावेत. माझ्या मते उत्तम फळ दोहोंच्या मिश्रणातून मिळते: थर नेहमीप्रमाणे कापावेत, आणि चेहऱ्याच्या थरापुरता डेप्थ मॅप अगदी थोड्या प्रमाणात लावावा, म्हणजे नाक आणि कान यांच्यात किंचित फरक पडून कापलेल्या पुठ्ठ्याचा भास नाहीसा होतो.

अखेरचे संस्कार

भरलेल्या पट्ट्यांत मूळ छायाचित्राचे दाणे (ग्रेन) नसतात आणि कॅमेरा जवळ गेल्यावर पुढच्या थराचे दाणे मागच्यापेक्षा मोठे दिसतात, म्हणून शक्य असल्यास थर पाडण्यापूर्वी दाणे थोडे कमी करून सर्वांत शेवटी, कॅमेऱ्याच्या हालचालीनंतर, संपूर्ण चौकटीवर एकसारखे दाणे चढवावेत. मागच्या थराला अल्प धूसरता दिली तर खोली वाढते आणि त्याच्या सदोष कडाही झाकल्या जातात. तरंगते धूलिकण आणि प्रकाशाचे डाग यांचा इतका अतिवापर झाला आहे की ते न घातलेलेच बरे. दोन थरांच्या मध्ये विरळ धुक्याचा एक थर मात्र दूरच्या दृश्यांत शोभतो. बारीक जाळी किंवा विटांच्या रेषा मंद हालचालीत लुकलुकत असतील, तर त्या थराला अर्ध्या पिक्सेलचा ब्लर पुरतो.

अंतिम रेंडरपूर्वी, म्हणजे व्हिडिओ फाइल तयार करण्यापूर्वी, सर्व थरांच्या मागे भडक लाल रंगाचा एक सपाट थर ठेवावा आणि त्याला कॅमेऱ्याच्या हालचालीपासून मुक्त ठेवावे. मग हालचालीची पहिली, मधली आणि शेवटची फ्रेम पूर्ण आकारात पाहावी. जेथे भरकाम अपुरे पडले असेल तेथे लाल रेघ दिसेल, आणि जेथे फेदर जास्त झाला असेल तेथे कडेवर लालसर झाक येईल. त्या जागा मूळ फाइलमध्ये दुरुस्त करून फाइल जतन केली की आफ्टर इफेक्ट्समधील थर पुन्हा लोड करता येतात. एकदा पूर्ण गतीने चालवून लाल रंग कोठेच आढळला नाही की तो थर बंद करावा आणि रेंडर लावावा.